रावसाहेबासाठी ट्रकची ट्यूब

१० मार्च १९८७, मंगळवार

रावसाहेब जिवंत आहे. सकाळी चहाआधी मी स्वतः पाहिलं.

बातमीच्या पहिल्या ओळीत ताजी गोष्ट यावी आणि ती कुणी सांगितली हेही लगेच यावं, असं मी दैनिकात येणाऱ्या प्रत्येक नव्या बातमीदाराला सांगत आलो आहे. स्वतःपुरतं लिहायला बसलो तरी हात तिकडेच वळला.

रावसाहेब हा मासा आहे. केशरी अंग, पांढरी शेपूट, डाव्या कल्ल्यावर काळा डाग. शेपटीला एका बाजूने खाच आहे. आमची मुलगी चांगुणा पेटी साफ करत असताना शेपूट जाळीत अडकली होती. चांगुणाने कॉलेजात असताना शिकवण्या घेऊन ही काचेची पेटी घेतली आणि मैत्रिणीबरोबर जाऊन तीन मासे आणले. हा सारखा तोंड उघडतो-मिटतो. "बाबा, हा बघा, व्यासपीठावर बसलेल्या पाहुण्यासारखा दिसतो," ती म्हणाली आणि नाव पडलं रावसाहेब. तिने काचेवर नखाने टिचकी मारली की तो वर यायचा. अजून येतो. माझ्या टिचकीलाही येतो.

गेल्या मे महिन्यात चांगुणा काविळीने गेली. बाकीचे दोन मासे पावसाळ्यात गेले. हा एक राहिला.

दवाखान्यात शुद्धीवर असताना शेवटचं नीट बोलली ते याच्याबद्दल. "बाबा, लाइट गेली तर हवेचा पंप बंद पडतो. तांब्याने पाणी वरून ओतत राहायचं. रावसाहेबाला बघा." मी हो म्हटलं.

आज कार्यालयात वीजकपातीचं पत्रक आलं. इंदिरानगरला मंगळवार आणि शुक्रवार, दुपारभर. पाणी गरम झालं की त्यात हवा कमी राहते आणि उन्हाळा तर आताशी लागतोय. २४ मेला पहिला स्मृतिदिन आहे. तोवर, आणि त्यानंतरही, हा मासा जगला पाहिजे. एवढं एकच मी तिला कबूल केलं होतं.

११ मार्च, बुधवार

बायकोशी, विमलशी, बोललो. ती पालिकेच्या शाळेत शिकवते. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी घरी असते. म्हटलं, कपातीच्या वेळी तू जरा तांब्याने पाणी ओतशील का?

ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मला त्या पेटीपाशी बसायला सांगू नका."

"अगं, फक्त दुपारचं."

"अहो, दुसरं काहीही सांगा."

वर्षभरात तिने पेटीकडे नीट पाहिलेलं नाही. त्या खोलीतून जायचं झालं तर भिंतीकडे तोंड करून जाते. माणसं इतकी लवकर कोरडी कशी होतात, कळत नाही.

१५ मार्च, रविवार

सोय झाली. ही युक्ती आमच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कारभारीची. त्याच्या मेहुण्याकडे मासे आहेत. गाडीच्या चाकाच्या आतली ट्यूब हवा भरून ठेवायची. वीज गेली की तिला बारीक नळी जोडून हवा पेटीत सोडायची. बॅटरी नको, काही नको.

सायकल काढली आणि द्वारका चौकात गेलो. ट्रकच्या रांगेपलीकडे काळूचं पंक्चरचं दुकान आहे. काळू मूळचा सिन्नरकडचा, आवाज मोठा.

"अँबेसिडरची ट्यूब हाय, पर लय लहान पडल. ट्रकची न्या. कशाला पायजे?"

मी सांगितलं.

"मासळीसाठी?" त्याने हातातला पाना खाली ठेवला. "कोंची मासळी? वाम का मरळ?"

"खायची नाही, काळू. पाळलेली आहे."

"एवढा जीव लावायचा आन् खायची बी नाय!" शेजारचा ड्रायव्हर हसला. काळू पण हसला, मग माझ्याकडे पाहून त्याने पाना पुन्हा उचलला. "बरं बरं. पाळलेल्याचं येगळं आसतं. आमच्याकडं एक बोकड आसाच म्हातारा हून मेला."

हवा भरलेली ट्यूब खांद्यावरून तिरपी घालून सायकलवरून निघालो. रस्त्यात ओळखीचे भेटले. "काय मोतीरामदादा, गंगेवर पोहायला का?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर थांबावं लागलं असतं.

कारभारीने सांगितल्याप्रमाणे नळी औषधाच्या दुकानातून आणली. सलाइनची. तिच्यावर ते छोटं चाक असतं ना, त्याने धार कमी-जास्त करता येते. हवेलाही ते चालतं. मी ती जमिनीवर उलगडून चाक फिरवून पाहत होतो. विमल खोलीत आली, नळी पाहिली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी डोकावलो तर शेगडीवर काहीच नव्हतं. ओट्याला धरून उभी होती.

नळी मी पेटीच्या मागे सरकवून ठेवली. समोरून दिसायला नको.

१७ मार्च, मंगळवार

पहिली कपात. मुद्दाम सुट्टी घेतली.

वीज गेली तशी पंपाची घुरघुर थांबली. गेली दोन वर्षं तो आवाज दिवसरात्र घरात आहे. थांबला की कळतं तो किती मोठा होता. विमल आतून म्हणाली, "घर ऐकू यायला लागलं." हे कुणाला उद्देशून होतं ते समजलं नाही.

ट्यूबवर पाट ठेवला आणि पाटावर वरवंटा, म्हणजे हवा दाबाखाली राहते. चाक जरासं सैल केलं. पेटीतल्या सच्छिद्र दगडातून बुडबुड्यांची सरळ रेघ वर आली. रावसाहेब त्या रेघेत येऊन उभा राहिला. दुपारभर हवा पुरली.

शेजारच्या सावित्रीबाई बघायला आल्या. "दादा, माणसाला पंखा नाही आणि माशाला सोय!" पदराने वारा घेत पाटाशेजारी बसल्या आणि वीज येईपर्यंत उठल्या नाहीत.

२ एप्रिल, गुरुवार

रावसाहेब ठीक. मी पाहिलं. ट्यूब दर रविवारी आणि बुधवारी भरून आणतो. एका ठिकाणी हवा झिरपते, पण मंगळवार निघतो, शुक्रवारही निघतो. शाळा सुटल्यावर विमलच चाक सैल करते, हे काम तिने आपणहून घेतलं. पेटीकडे पाठ करून करते. हाताने चाचपून. मी म्हटलं, "निदान मासा वर आहे की खाली, एवढं तरी बघत जा."

"बुडबुडे ऐकू येतात," ती म्हणाली.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. कपात रद्द होती. मिरवणुकीची बातमी देऊन घरी आलो तर दारात निळा झेंडा लावलेला, विमलने लावला होता. दरवर्षी चांगुणा लावायची. ती स्टुलावर चढायची आणि विमल खालून स्टूल धरायची. यंदा स्टूल कुणी धरलं, विचारायचं राहून गेलं.

२८ एप्रिल, मंगळवार

ट्यूब आज पुरली नाही. शेवटी शेवटी बुडबुडे थांबले आणि रावसाहेब वर येऊन तोंड उघडू लागला. नशीब, तेवढ्यात वीज आली. मी कार्यालयात होतो; हे सगळं मला विमलने सांगितलं. म्हणजे तिने पेटीकडे पाहिलं. ट्यूब उद्या काळूला दाखवतो.

२९ एप्रिल, बुधवार, सकाळ

फार ऊन आहे. निघता निघता विमलशी शब्द झाला, तो लिहून ठेवतो म्हणजे डोक्यातून जाईल.

मी ट्यूब खांद्याला लावली तर ती दारात आली. "आज राहू द्या घरी. आहे तेवढी हवा राहू द्या. संध्याकाळी न्या."

"आज बुधवार. आपला वार नाही."

"सावित्रीबाई म्हणत होत्या, कोपऱ्यावरच्या डीपीतून पहाटेपासून जळका वास येतोय."

"मी वेळापत्रक छापलंय, विमल. स्वतः फोन लावून खात्री करून छापलंय. सावित्रीबाईंची बातमी छापता येत नाही."

ती बाजूला झाली. "न्या मग," म्हणाली.

२९ एप्रिल, रात्री

रावसाहेब जिवंत आहे. खात्री विमलने केली.

दुपारीच डीपी जळाली. उन्हाने. दोष कुणाचा नाही, पण इंदिरानगर अंधार पडेपर्यंत विजेवाचून होतं. मला हे कळलं ते बातमी म्हणून. दुसऱ्या बातमीदाराने आणली. मी लिहिता लिहिता उठलो. मग बसलो. पहिलं पान छपाईला सोडायचं होतं आणि ट्यूब द्वारकेला काळूकडे पडली होती. तो सकाळी म्हणाला होता, "ठिगळ वाळू द्या सायेब, सांजच्याला न्या." सांजच्याला गेलो, तिथून पायडल मारत घरी.

दिवे लागले होते. पंप घुरघुरत होता. विमल पेटीसमोर जमिनीवर बसली होती. पेटीसमोर. मी दारातच थांबलो.

"आहे?" मी विचारलं.

तिने पेटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आहे."

"नक्की?"

"या, बघा."

पेटीतल्या झाडाच्या मागे केशरी रंग दिसला. शेपूट हलली. मी ट्यूब खांद्यावरून काढायची विसरून खाली बसलो. तिने ती काढली. ओंजळभर पाणी जमिनीवर सांडलेलं होतं, चटई भिजलेली, दोरीवर तिचं ओलं लुगडं. तांब्या पेटीच्या काठावर होता.

"ओतत होतीस?"

"हो."

"सगळी दुपार?"

"तिने सांगितलं होतं ना," विमल म्हणाली.

दवाखान्यात चांगुणा हे बोलली तेव्हा विमल खिडकीपाशी पाठ करून उभी होती. मला वाटलं होतं, तिने ऐकलं नसेल.

३० एप्रिल, गुरुवार

रावसाहेब जिवंत, पण भेदरलेला. टिचकी मारली तर वर यायच्या ऐवजी झाडामागे पळाला. विमल म्हणाली, "इतका वेळ हवा नव्हती. जिवावर बेतलं त्याच्या. घाबरलाय."

पटण्यासारखं आहे.

तिचा उजवा हात खांद्यापासून वर जात नाही. भाकऱ्या सावित्रीबाईंनी थापून दिल्या. वर म्हणाल्या, "दादा, काल बाईंना एवढ्या उन्हात, दुपार उतरताना, शालिमार चौकात काय काम निघालं होतं? हातात कडीचा डबा. मी हाक मारली तर वळल्या बी नाहीत."

विमलला विचारलं. "दूध नासलं होतं," ती म्हणाली.

दूध आमच्या गल्लीत मिळतं. पण कालचा दिवसच तसा होता. आमच्या भागात काल सगळ्यांचंच नासलं असेल.

दारातल्या मोगऱ्याची कुंडी कुणीतरी उकरलेली दिसली. मांजर असणार.

५ मे, मंगळवार

कपात नेहमीप्रमाणे. ठिगळ चांगलं बसलंय. विमलला आता सुट्टी लागली. ती पेटीसमोर बसून चाक सैल करते, पाठ करून नाही. रावसाहेबाला खाणंही तीच घालते. मला म्हणाली, "तुम्ही फार टाकता. तो बुजतो."

वर्षभर जिला बघवत नव्हतं तिला आठवडाभरात एवढा लळा कसा लागला? मरता मरता वाचलेल्यावर माया बसते म्हणतात. तसं असेल.

एक लिहून ठेवतो. कल्ल्यावरचा काळा डाग फिकट झालाय. जवळजवळ नाहीच. शेपटीची खाचही भरून आली आहे. कारभारीला विचारलं. तो म्हणाला, "माशाचा रंग बदलतो, मोतीरामभाऊ. मेहुण्याकडचा काळा होता तो सोन्यासारखा झाला. शेपूट पण परत येते."

म्हणजे खुलासा मिळाला. सांगणाऱ्याचं नावही आहे. तरी बातमी अर्धी वाटते.

९ मे, शनिवार

टिचकीला अजून येत नाही. चांगुणाची टिचकी विसरला. मी रोज सकाळी मारतो आणि तो रोज मागे जातो. आज विमल म्हणाली, "त्याला नका हो त्रास देऊ. त्याला काय ठाऊक."

"ठाऊक होतं की."

ती खाण्याची डबी बंद करत होती. झाकण लागेना. मी लावून दिलं.

१३ मे, बुधवार

बुद्धपौर्णिमा. विहारात वंदनेला दोघंही गेलो. तिथून परत येताना विमल चालता चालता म्हणाली, "अहो, एक विचारू? रावसाहेब गेला असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

"गेला नाही ना."

"नाही. पण गेला असता तर."

मी विचार केला. मग खरं तेच सांगितलं. म्हटलं, मला वाटतं मी त्या दिवशी ट्यूब नेली हे मला सहन झालं नसतं. चांगुणाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या, तांब्या आणि मासा; एक मी ट्यूबच्या नादात सोडून दिली आणि दुसरी माझ्या छापील कागदाने घालवली असती. मी पुन्हा काम करू शकलो नसतो बहुतेक.

विमलने मान हलवली. जणू हेच उत्तर तिला आधीपासून माहीत होतं. कोपऱ्यावर नवी डीपी आहे, हिरव्या रंगाची. तिच्याखालून जाताना तिने माझा हात धरला. रस्त्यात, लोकांसमोर. आमच्या लग्नानंतर असं कधी झाल्याचं आठवत नाही.

२४ मे, रविवार

पहिला स्मृतिदिन पार पडला. रावसाहेब तोच आहे; खात्री यशोदाने केली.

सकाळी पुण्यानुमोदनाला तीस-चाळीस माणसं आली. बौद्धाचार्य येण्याआधी मी फुलं तोडायला दारात गेलो. मोगरा यंदा भरला आहे. विमल आतून जवळजवळ धावत आली. "त्या कुंडीतली नको. त्या कुंडीला हात लावू नका." मग आवाज खाली आणून, "बाजारातून आणवा ना. हार चांगले मिळतात." मी माणूस पाठवला. फोटोला झेंडूचा हार घातला. मोगरा झाडावरच राहिला.

त्रिसरण-पंचशील झालं. विमलने सगळं म्हटलं, आवाज कुठे कापला नाही. मला तेवढं जमलं नाही.

यशोदा संध्याकाळी आली. ही चांगुणाची मैत्रीण. मासे घ्यायला हीच बरोबर गेली होती. आता सिन्नरच्या एका कारखान्यात कारकून आहे. रविवार असून कामाची पाळी होती, एसटीने धावत आली.

"जयभीम काका. उशीर झाला."

"जयभीम. झाला तर झाला. बस आधी."

"रावसाहेब आहे अजून?" पेटी पाहून तिचा चेहरा खुलला. गुडघ्यावर बसली, काचेला नाक लावलं. "चांगी म्हणायची, याला भाषण करायला सांगितलं तर हा सरकार पाडेल." ती हसली आणि सवयीने टिचकी मारली. मासा मागे सरला. तिने पुन्हा मारली. मग काचेवर बोट ठेवून ती पाहत राहिली. आधी कल्ल्याकडे, मग शेपटीकडे. मी तिच्या बोटाकडे पाहत होतो.

"काकू," ती म्हणाली, "याचा तो—"

"चहा घे यशू," विमल म्हणाली. "गार होतोय."

विमल कपबशी घेऊन तिच्या मागे उभी होती. यशोदाने मान वळवून वर पाहिलं. दोघी एकमेकींकडे किती वेळ पाहत होत्या कुणास ठाऊक. कपबशी वाजायला लागली तेव्हा यशोदाने उठून ती हातातून घेतली.

मी म्हटलं, "यशोदा, तू तर घेताना होतीस. तोच आहे ना? रंग जरा बदललाय. मी लोकांना विचारलं, पण पाहिलेलं माणूस तूच."

"हो काका," ती म्हणाली. "तोच आहे. जाड झालाय फक्त." मग तिला रडू आलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. विमल तिच्यामागून गेली. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. पंप चालू होता.

प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगितलं. याहून मोठी खात्री आमच्या धंद्यात नसते.

जाताना यशोदाने दारात वाकून मोगऱ्याच्या कुंडीला हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला. मी मागे आहे हे तिला माहीत नव्हतं.

२ जून, मंगळवार

रावसाहेब ठीक. पाहिलं: विमल.

आज विमलने टिचकी मारली. मासा वर आला. तिच्या बोटाखाली येऊन तोंड उघडून राहिला. मी मारली, तर नाही आला.

४ जून, गुरुवार

दुपारी शालिमारला एका सभेची बातमी होती. सभा लवकर संपली. परत येताना ते दुकान लागलं, माशांचं. चांगुणाने मासे आणले ते हेच. बाहेरच्या बाजूला मोठी पेटी ठेवलेली असते. तिच्यात केशरी मासे होते, दहा-बारा, पांढऱ्या शेपटीचे. कुणाच्या कल्ल्यावर डाग नाही, कुणाच्या शेपटीला खाच नाही.

दुकान उघडं होतं. मालक गल्ल्यावर बसून पेपर वाचत होता, आमचाच. त्याने वर पाहिलं. "या साहेब. काय पाहिजे?"

एका वाक्याचा प्रश्न होता. एप्रिलच्या शेवटी, वीज गेली होती त्या दिवशी, कडीचा डबा घेऊन एक बाई आली होती का. दुकानदारांच्या लक्षात राहतं असं. आजवर याहून अवघड प्रश्न याहून अनोळखी माणसांना विचारले आहेत.

"काही नाही," म्हटलं. "बघत होतो."

सायकलला टांग मारली आणि निघालो. ऊन होतं.

घरी विमल पेटी साफ करत होती. बाह्या वर केलेल्या, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. मासा तिच्या बोटांमधून ये-जा करत होता, बुजत नव्हता. मी चपला काढल्या आणि तिच्याजवळ खाली बसलो. मग म्हटलं, "त्या दिवशी ट्यूब घरी ठेवायला हवी होती मी. सावित्रीबाईंचं खरं होतं."

तिचा हात पाण्यात थांबला. "काही झालं नाही ना पण," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"नाही," मी म्हटलं. "काही झालं नाही."

मग ती रडली. ओला हात तसाच पेटीत, कपाळ काचेला टेकवलेलं. दवाखान्यात रडली नव्हती, स्मशानात नाही, स्मृतिदिनाला नाही. मी तिच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. पंप घुरघुरत होता, तेवढा आवाज पुरेसा होता.

रात्री जेवताना तिने मोगऱ्याची गोष्ट काढली. कुंडी लहान पडते आता, पाऊस लागला की झाड जमिनीत लावू या म्हणाली, मातीसकट, मुळं न हलवता. मी म्हटलं, खड्डा मी खणतो. "मी पण असेन," ती म्हणाली.

उद्या शुक्रवार. इंदिरानगरची वीज दुपारभर जाणार आहे. वीज कार्यालयाने आज कळवलं आणि कोपऱ्यावरच्या डीपीला वास नाही, असं सावित्रीबाई सांगतात. दोन्ही इथे नोंदवतो. ट्यूब भरलेली आहे. मी सुट्टी घेतो म्हटलं तर विमल म्हणाली, "तुम्ही जा कामावर. मी बसते त्याच्यापाशी."